रतनपूरचा अकीक : खाण, भट्टी आणि बाबा घोर

गुजरातच्या व्यापाराच्या इतिहासात खंबायतच्या अकीकाच्या मण्यांचा उल्लेख वारंवार येतो. वस्तुतः हा दगड खंबायतचा नव्हे. वडोद्याहून भरूचच्या बाजूने नर्मदा ओलांडली की झगडिया तालुक्यात रतनपूरच्या टेकड्या लागतात. त्याची प्रसिद्ध खाण तेथे. पूर्वी हा मुलूख राजपीपळा संस्थानात होता. बंदराचे नाव मालाला चिकटले आणि खाण विस्मृतीत गेली.

‘अकीक’ हा मूळ अरबी शब्द. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज दुआर्ते बार्बोझाने याच परिसरातील लिमोदरा येथल्या दगडाची नोंद केली, तेव्हा त्याने वापरलेला पोर्तुगीज शब्दही ‘अल्-अकीक’वरूनच आलेला होता. विस्तवात तापवल्यावर दगड अधिक लाल होतो, हेही त्याने लिहून ठेवले.

या खनिजाची जडणघडण दोन टप्प्यांत झाली. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे सिलिकायुक्त पाणी त्यांत झिरपले आणि थरावर थर बसून गारगोट्या तयार झाल्या. महाराष्ट्रातील काळ्या कातळातही अशा गारगोट्या मिळतात. रतनपूरचे वैशिष्ट्य दुसऱ्या टप्प्यात आहे. कातळ झिजला, पण कठीण गारगोट्या टिकल्या. प्रवाहांनी त्या वाहून आणल्या आणि मायोसीन काळातील वाळू-गोट्यांच्या थरांत साठवल्या. खोदण्याजोगा साठा झाला तो या वाहतुकीमुळे. भूशास्त्रज्ञ या थरांना ‘बाबागुरू’ शैलसमूह म्हणतात. हे नाव तेथील टेकडीवरून, म्हणजेच पर्यायाने तिच्यावर दर्गा असलेल्या बाबा घोर यांच्यावरून आले आहे.

बाबा घोर हे हबशी, म्हणजे आफ्रिकी वंशाचे संत. दर्ग्याची सेवा सिद्दी समाजाकडे आहे, आणि अकीकाचा धंदा बाबांनी सुरू केला अशी कारागिरांत श्रद्धा आहे. कालगणनेच्या दृष्टीने हे टिकत नाही. लोथल येथे १९५५ पासून झालेल्या उत्खननात हडप्पाकालीन मण्यांचा कारखाना व भट्टी सापडली. म्हणजे हा उद्योग चार हजार वर्षांहून जुना ठरतो. तरीही ही आख्यायिका निव्वळ भाबडी म्हणून बाजूला सारता येणार नाही. मध्ययुगीन अकीक-व्यवसायातील सिद्दींच्या सहभागाची स्मृती तिने जपली आहे. प्रवासवर्णने बहुधा बंदर आणि सौदागर यांच्यापुढे जात नाहीत.

वडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील पुरातत्त्वज्ञ कुलदीप भान यांनी जोनाथन मार्क केनोयर व मास्सिमो विदाले यांच्यासह खंबायतच्या कारागिरांचा अभ्यास केला. हडप्पाकालीन तंत्र समजून घेण्यासाठी जिवंत कारागिरी हा पुरावा मानला गेला, ही गोष्ट लक्षणीय आहे. दगड आधी उन्हात वाळवतात, मग मडक्यात घालून मंद धगीवर तापवतात. उष्णतेने दगडातील लोहाच्या पिवळसर संयुगातले पाणी निघून जाते व तांबडे हेमॅटाइट बनते. धग एकदम वाढली तर दगड तडकतो. नंतर लोखंडी खिळ्याच्या टोकावर दगड धरून शिंगाच्या हातोडीने छिलके काढतात, मग घासणे, भोक पाडणे आणि चकाकी देणे.

घासण्याचे काम सर्वांत घातक. उडणारी सिलिकेची बारीक धूळ फुफ्फुसांत साठून सिलिकोसिस होतो, आणि त्यावर बरे करणारे औषध नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने खंबायतच्या कामगारांची पाहणी केलेली आहे. घासणीची चाके घरात वा अंगणातच फिरत असल्याने ही धूळ कारागिराबरोबर घरातल्या बायकामुलांच्याही श्वासात जाते.