उंबरखिंडीतला तो संवाद ऐकला कोणी?

आवडत्या सुपरहिरोंना घेऊन चाहते स्वतःच्या कथा रचतात. मूळ कथेतली मुकी पात्रे तिथे बोलू लागतात, चमूतले मतभेद उघड होतात. खालापूर तालुक्यातल्या एका लढाईबाबत हे काम सतराव्या शतकातच झाले आहे.

२ फेब्रुवारी १६६१. शाइस्तेखानाने कोकणात धाडलेला कारतलबखान चावणी गावाजवळच्या उंबरखिंडीत कोंडला गेला. अरुंद वाट, दाट झाडी आणि झाडीत दबा धरून बसलेले मावळे. अखेर खानाने शरणागती पत्करून, खंडणी देऊन सुटका करून घेतली.

घटना एवढीच. कवींद्र परमानंदांनी मात्र 'शिवभारत' या संस्कृत काव्यात खान आणि रायबागन यांचा संवाद रंगवला. रायबागन ही माहूरच्या उदाराम घराण्यातली, मोगलांच्या बाजूची सरदार स्त्री. सिंहाच्या रानात फौज घातलीस, असे ती खानाला सुनावते आणि शरण जायला सांगते. एरवी नुसता पराभूत सेनापती उरला असता असा खान इथे सहकाऱ्याचा सल्ला फार उशिरा मागणारा माणूस होतो. शत्रुपक्षातल्या स्त्रीला सर्वांत शहाणे बोल देणे, हे मला त्या कवीचे मोठेपण वाटते. (अर्थात महाराजांची स्तुतीही तिच्याच तोंडून होते, कवी हुशार!)

परमानंद महाराजांचे समकालीन, म्हणून लढाईसाठी हे काव्य महत्त्वाचे साधन ठरते. पण खानाच्या गोटातले बोलणे शब्दशः टिपायला तिथे कोण होते? चावणीच्या स्मारकापाशी कोणी ते बोल 'रायबागन म्हणाली' असे सांगू लागला, तर 'परमानंद लिहितात' अशी दुरुस्ती जरूर करा.