किल्ली बंद, इंजिन सुरूच

१९५४ साली टेल्को आणि जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ यांच्यात करार झाला आणि जमशेदपुरात टाटा-मर्सिडीज ट्रक तयार होऊ लागले. हिंगोली-वसमतची हळद आणि कापूस पुढे अशाच डिझेल ट्रकांतून बाजारपेठांकडे गेला.

एकदा सुरू झालेल्या या इंजिनाला विजेची गरजच नसे. दाबाने तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटते, ठिणगी लागत नाही. ते फवारणारा पंपही यांत्रिक. म्हणून किल्ली बंद केली तरी इंजिन थांबत नसे, त्यासाठी निराळी केबल ओढावी लागे. बॅटरी उतरली, तर धक्का मारून गाडी चालू होई.

वीज लागे ती स्टार्टर, हॉर्न आणि दिव्यांना. पण दिवे गेले, की रात्रीचा हिंगोली-नांदेड रस्ता जिवावर बेते. वायरमन आधी बॅटरीची टर्मिनल घासे, मग चासीला जोडलेली अर्थची वायर तपासे. दोन वायरी लावलेला साधा बल्ब हे त्याचे खरे हत्यार : एक टोक चासीला, दुसरे शंकेच्या जागी. बल्ब पेटला तर बिघाड पुढे, नाही पेटला तर मागे.

डायनमो संथ गतीत बॅटरी पुरेशी भरत नसे. गावोगाव थांबणाऱ्या ट्रकची बॅटरी त्यामुळेच उतरे. बोल मात्र बॅटरीला लागे.