मरणोत्तर अल्बम (हिप-हॉप)

मरणोत्तर अल्बम (हिप-हॉप) : रॅपर किंवा हिप-हॉप निर्मात्याच्या मृत्यूनंतर, त्याने हयातीत केलेल्या ध्वनिमुद्रणांवरून प्रसिद्ध झालेला अल्बम. गाजलेल्या जुन्या गाण्यांची संकलने यात सहसा धरत नाहीत. रॅपमध्ये आवाज आणि बीट (तालप्रधान वाद्यसाथ) वेगवेगळ्या ट्रॅकवर मुद्रित होतात. गायनापेक्षा सुरावटीचे बंधन कमी असल्याने एका बीटसाठी म्हटलेले कडवे उचलून दुसऱ्या बीटवर बसवता येते. असे अल्बम या संगीतप्रकारात विपुल निघाले, त्याचे हे एक तांत्रिक कारण. त्यामुळे अशा अल्बमचे मोल ठरवताना खपाच्या आकड्यांपेक्षा कलावंताने काम कोणत्या टप्प्यावर सोडले होते, हे पाहणे अधिक योग्य.

रॅपर ईझी-ई (मृत्यू 26 मार्च 1995) याचा अल्बम 1996 च्या प्रारंभी निघाला. मात्र या प्रकाराला बाजारात स्थान मिळाले ते रॅपर टूपाक शकूर याच्यामुळे. 7 सप्टेंबर 1996 रोजी लास व्हेगास येथे त्याच्यावर गोळीबार झाला व 13 सप्टेंबरला तो मरण पावला. ‘द डॉन किलुमिनाटी : द 7 डे थिअरी’ हा ऑगस्टमध्ये पूर्ण केलेला अल्बम 5 नोव्हेंबरला ‘माकावेली’ या टोपणनावाने निघाला. तो सात दिवसांत तयार झाला, असे सांगितले जाते. टोपणनाव आणि मुखपृष्ठ यांवरून टूपाक जिवंत असल्याच्या वावड्या उठल्या. त्यांची दखल येथे घेण्याचे कारण नाही. पुढे त्याची आई अफेनी शकूर यांनी त्याच्या डेथ रो या ध्वनिमुद्रण कंपनीशी कायदेशीर झगडून अप्रकाशित ध्वनिमुद्रणांवर हक्क मिळवला आणि स्वतःच्या अमारू रेकॉर्ड्सतर्फे ‘आर यू स्टिल डाउन? (रिमेम्बर मी)’ (1997) प्रसिद्ध केला. ‘अंटिल द एंड ऑफ टाइम’ (2001), ‘बेटर डेझ’ (2002) असे करत ही मालिका ‘पॅक्स लाइफ’पर्यंत (2006) चालली. त्यांपैकी ‘लॉयल टू द गेम’ (2004) सर्वांत वादग्रस्त. त्याचा निर्माता एमिनेम याने नव्या बीटला जुळावे म्हणून टूपाकच्या आवाजाची गती व पट्टी बदलली. इतकेच नव्हे, तर शब्द जोडून टूपाकच्या हयातीत अस्तित्वातही नसलेल्या जी-युनिट या गटाचे नाव त्याच्या तोंडी घातले. अल्बम बिलबोर्ड 200 या अमेरिकी अल्बम-क्रमवारीत पहिला आला. संपादन आणि बनावट यांतील रेषा येथे ओलांडली गेली, हे मात्र मान्य करावे लागते.

द नटोरियस बी.आय.जी. (मृत्यू 9 मार्च 1997) याचा ‘लाइफ आफ्टर डेथ’ 25 मार्च 1997 रोजी निघाला. तो पूर्ण तयार होता, नावही आधीच ठरले होते; केवळ तारखेमुळे त्याला मरणोत्तर म्हणायचे. ‘बॉर्न अगेन’ (1999) आणि ‘ड्युएट्स’ (2005) हे जुनी कडवी व पाहुणे रॅपर यांची बेरीज आहेत.

जे डिला (मृत्यू 10 फेब्रुवारी 2006) या डेट्रॉइटच्या निर्मात्याचा ‘डोनट्स’ मृत्यूच्या तीन दिवस आधी आल्याने व्याख्येबाहेर राहतो. तो रुग्णालयात किती तयार झाला, याबाबत मतभेद आहेत. बराचसा तयार असलेला ‘द शायनिंग’ (2006) कॅरीम रिगिन्स या ड्रमवादकाने पूर्ण केला.

मॅक मिलर (मृत्यू 7 सप्टेंबर 2018) याचा ‘सर्कल्स’ (17 जानेवारी 2020) हा प्रस्तुत प्रकारातील सर्वांत संयमी नमुना. ‘स्विमिंग’ला (2018) जोड म्हणून योजलेल्या या अल्बमवर निर्माता जॉन ब्रायन मिलरच्या हयातीतच त्याच्यासोबत काम करत होता. कुटुंबाच्या संमतीने त्याने तो पुरा केला. त्यात पाहुण्यांची गर्दी नाही.

पॉप स्मोक (मृत्यू 19 फेब्रुवारी 2020) याच्या पहिल्या मरणोत्तर अल्बमची सूत्रे रॅपर फिफ्टी सेंटकडे होती. डिझायनर व्हर्जिल अबलोहने केलेले मुखपृष्ठ चाहत्यांच्या रोषामुळे बदलावे लागले. एक्सएक्सएक्सटेन्टासियोन, ज्यूस वर्ल्ड, डीएमएक्स यांचेही अल्बम निघाले. यांपैकी बहुतेक जण तरुणपणी गेल्याने वारस म्हणून पुढे आल्या त्या बहुधा त्यांच्या आया.

स्त्री कलावंत : रॅपर लिसा ‘लेफ्ट आय’ लोपेस (मृत्यू 2002) हिचा ‘आय लेगसी’ हा अल्बम 2009 मध्ये निघाला.

भारत : पंजाबी गायक-रॅपर सिद्धू मूसेवाला (मृत्यू 29 मे 2022) याची गाणी एकेक करून येत राहिली. जून 2022 मधील ‘एसवायएल’ (सतलज-यमुना जोडकालवा) हे गाणे यूट्यूबवर भारतात बंद करण्यात आले.

कलावंताची इच्छा : रॅपर-गायक अँडरसन पाक याने आपल्या मृत्यूनंतर काहीही प्रसिद्ध करू नये, अशी सूचना 2021 मध्ये हातावर गोंदवून घेतली. कृत्रिम बुद्धिमत्तेने मृताचा आवाज घडवणे हा यापुढचा वाद. एप्रिल 2024 मध्ये रॅपर ड्रेकने टूपाकचा असा आवाज वापरून गाणे प्रसृत केले. टूपाकच्या वारसांकडून वकिलाची नोटीस येताच ते मागे घेण्यात आले.