दुसुतीवरचा गुलाब कोणाचा?

मांजर्लीत बसून बर्लिनबद्दल बोलायचं, हे जरा विचित्र वाटेल. पण गिरगाव-दादरची बिऱ्हाडं मोडून बदलापुरात येताना आपल्यापैकी अनेकांनी आजीची एक चौकट बरोबर आणली होती. दुसुतीवर लोकरीनं भरलेला गुलाब, खाली ‘सुस्वागतम्’. टाके आजीचे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण गुलाब काढला कोणी?

त्या गुलाबाचं कूळ शोधत गेलं की आपण बर्लिनला पोचतो. १८०४च्या सुमारास तिथल्या फिलिप्सन नावाच्या विक्रेत्यानं चौकड्यांच्या कागदावर भरतकामाचे नमुने छापले. पुढे १८१० साली विटिश आला. त्याची बायको स्वतः भरतकामात तरबेज होती, आणि त्याचे नमुने जास्त देखणे होते. तांब्याच्या पत्र्यावरून चौकडी छापायची, मग एकेक चौकोन हातानं रंगवायचा. एक चौकोन म्हणजे एक टाका. गुलाबाची एक पाकळी गोल दिसायला गुलाबीच्या चार-पाच छटा लागायच्या, आणि त्या प्रत्येक कागदावर पुन्हा पुन्हा भरायच्या. हे काम पगारी हात करत. नमुन्यावर नाव असे ते प्रकाशकाचं, रंगवणाऱ्यांचं नाही.

१८४०पर्यंत असे सुमारे चौदा हजार नमुने निघाले होते, असं तेव्हाच्या एका इंग्रजी हस्तपुस्तिकेत म्हटलंय. १८५६ साली पर्किनला लंडनमध्ये कृत्रिम जांभळा रंग सापडला आणि लोकरीचे रंग एकदम भडक झाले. (काही नमुने बघताना डोळे अक्षरशः दिपतात!)

आपल्याकडे विलायती सुईकाम मिशनच्या मुलींच्या शाळांतून रुजलं. सिंथिया फरार १८२७ साली मुंबईत आल्या, पुढे अहमदनगरला गेल्या. अशा शाळांत वाचनाच्या जोडीला सुई असेच, आणि मुलीला शाळेत पाठवायला बिचकणाऱ्या बापाला तीच सुई धीर देई. १८८४ साली पुण्यात मुलींचं हायस्कूल निघालं, आज आपण त्याला हुजूरपागा म्हणतो. १८८७ साली टिळकांनी ‘केसरी’तून तिथल्या अभ्यासक्रमावर टीका केली. मुलींना घरसंसाराला उपयोगी पडेल ते शिकवा, असा त्यांचा रोख होता. म्हणजे पुस्तक वादात सापडलं, सुई नाही.

आम्हाला इथे थोडं थांबावंसं वाटतं. चौकड्यांचा कागद वाचणं हेही वाचनच आहे. मध्यबिंदू शोधायचा, आडवे-उभे धागे मोजायचे, एक घर चुकलं तर पाकळी सरकते, सगळं उसवायचं. आकडेमोड आणि चिकाटी, दोन्ही लागतात. तरी मुलगी बघायला पाहुणे आले की चौकट पुढे करून काय सांगायचे? ‘हे हिनंच भरलंय हं.’ भरणारीची हुशारी तेवढ्यापुरती. रंगवणारीचं नाव कागदावर नव्हतं, भरणारीचं चौकटीवर क्वचितच.

२०१९च्या पुरात बदलापूर पश्चिमेला घरांत पाणी शिरलं, तेव्हा चिखलानं माखलेलं किती सामान बाहेर टाकावं लागलं! त्यात अशा चौकटीही असणार. ज्यांच्याकडे एखादी उरली आहे, त्यांना एक विनंती. मागचा पुठ्ठा जपून काढा आणि उलटी बाजू बघा. पुढचा गुलाब उन्हानं फिका पडला असेल, मागचा अजून लालभडक असतो. आणि जिथे मोजणं चुकून आजीनं पुन्हा भरलं, तिथली गाठ हाताला लागते.