मिलफर्डची बैठक आणि प्रयोगशील विज्ञानकथा

वाङ्मयाचा इतिहास लिहिताना ग्रंथ व ग्रंथकार यांची नोंद आपण साक्षेपाने करतो. परंतु ज्या बैठकींत लेखनाची पारख झाली त्यांची आठवण क्वचितच ठेवतो. अमेरिकेतील प्रयोगशील विज्ञानकथेचा विचार करताना अशा एका बैठकीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

पेनसिल्व्हेनिया राज्यातील मिलफर्ड या गावी १९५६ साली डेमन नाइट, जेम्स ब्लिश आणि ज्युडिथ मेरिल यांनी विज्ञानकथालेखकांचा एक मेळावा भरविला व पुढे तो वर्षानुवर्षे भरत राहिला. कथांची हस्तलिखिते सर्वांनी आधी वाचावयाची, मग वर्तुळाकार बसून प्रत्येकाने क्रमाने आपले मत सांगावयाचे आणि तोवर कथेच्या लेखकाने मौन पाळावयाचे, असा येथील दंडक होता. लेखकाने बोलावयाचे ते सर्वांत शेवटी. नियम साधा दिसतो, पण त्यात मर्म आहे. छापलेल्या कथेचा खुलासा करावयास लेखक वाचकाच्या घरी जात नाही. जे कागदावर उतरले नाही ते लिहिलेच गेले नाही, ही जाणीव या मौनातून होते. प्रयोगशील कथेला तर ही कसोटी विशेष अगत्याची. कारण गहनता कोणती आणि निव्वळ दुर्बोधता कोणती, हे लेखकाला एकट्याला कळणे कठीण असते.

१९६६ पासून नाइट यांनी ‘ऑर्बिट’ ही कथासंग्रहांची माला संपादिली. तीत यंत्रांच्या नवलाईपेक्षा मनोव्यापारांना व निवेदनाच्या नव्या रीतींना अधिक वाव मिळाला. १९७० च्या सातव्या संग्रहातील जीन वूल्फ यांची ‘द आयलंड ऑफ डॉक्टर डेथ अँड अदर स्टोरीज’ ही कथा पहावी. एक एकाकी मुलगा रंजक कादंबरी वाचतो आणि तिच्यातील पात्रे त्याच्या जगात वावरू लागतात. सारे निवेदन त्याला ‘तू’ असे संबोधून केलेले आहे.

जुन्या वळणाच्या अनेकांना हे रुचत नव्हते. मिलफर्डच्या मंडळींना ‘मिलफर्ड माफिया’ असे हिणविले जाई. १९७१ च्या नेब्युला पारितोषिक समारंभात आयझॅक असिमोव्ह यांनी विजेती म्हणून वूल्फ यांच्या कथेचे नाव उच्चारले आणि लगेच ते मागे घ्यावे लागले. कारण ‘कोणासही पारितोषिक नको’ या पर्यायाला अधिक मते पडली होती. हे मतदान ज्या लेखकसंघाचे, तो नाइट यांनीच १९६५ साली स्थापिला होता! वूल्फ यांनी पुढे त्याच शीर्षकातील शब्दांची अदलाबदल करून ‘द डेथ ऑफ डॉक्टर आयलंड’ लिहिली. १९७३ च्या या दीर्घकथेला नेब्युला पारितोषिक लाभले.

बैठकीतील वाचकही लेखकच होते आणि मतदारही लेखकच. भेद होता तो रीतीचा. मतपत्रिकेवर कारण लिहावे लागत नाही. बैठकीत मात्र लेखकाच्या समक्ष ते सांगावे लागते. कथा आवडली नाही, एवढ्यावर तेथे सुटका नसते. ती कोठे अडली हे दाखवावे लागते. नव्या कथेला वाचकांची अनुकूलता प्रत्येक वेळी मिळेलच असे नाही. पण सकारण प्रतिकूलता तरी मिळावी, हा तिचा हक्क आहे. वर्गात व वाचनमंडळात तो राखणे हे आपणा अध्यापकांचे काम होय.