कॅश : दडवून ठेवलेला शिधा

रोकडीच्या 'कॅश'शी संगणकातल्या 'कॅश'चं नातं नाही. पहिला शब्द पेटीवरून आला. दुसरा फ्रेंच 'काशे', म्हणजे दडवणे, यावरून. कॅनडातले शिकारी शिधा पुरून ठेवत, त्या साठ्याचं हे नाव. १९६८मध्ये आयबीएमने ते जलद स्मृतीला दिलं. ब्राउझरही चित्रं, स्क्रिप्ट अशीच जवळ राखतो. २०२८च्या सिंहस्थात उज्जैनच्या रामघाटावरच्या स्नानाची वेळ बदलली आणि यात्रेकरूच्या मोबाइलवर वेळापत्रकाचं जुनंच चित्र उमटलं, तर त्या गर्दीत ते जिवावर बेतेल. म्हणून संकेतस्थळाच्या पीएचपी कोडमध्ये फाइलच्या नावापुढे प्रश्नचिन्ह देऊन 'फाइलएमटाइम' या फंक्शनने काढलेली शेवटच्या बदलाची वेळ जोडावी. पत्ता बदलला की ब्राउझर नवी प्रत मागवतोच.