माशीचे बळ मोजणारा यंत्रपंख

फळमाशीचा जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरचा पंख सेकंदाला सुमारे २०० वेळा फडफडतो. त्यावरील हवेचे बल थेट मोजणे अत्यंत कठीण; स्थिर पंखांच्या गणितानेही या उड्डाणाचा उलगडा होत नव्हता. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल डिकिन्सन, फ्रिट्झ-ओलाफ लेमन आणि संजय साने यांनी २५ सेंटिमीटरचा यांत्रिक पंख खनिज तेलाच्या टाकीत फिरवला. तेल दाट व चिकट असल्याने मोठा पंख संथ हलूनही प्रवाहाचे स्वरूप माशीभोवतीच्या हवेसारखेच राहते. पंखाच्या मुळाशी बसवलेल्या संवेदकाने बल नोंदवले. १९९९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले: दिशा बदलताना पंख स्वतःभोवती वळतो तेव्हा, तसेच मागील फटक्याच्या भोवऱ्यांतून परततानाही, जादा बल मिळते. वळण्याची वेळ किंचित बदलली, तरी हे बल बदलते.